अकरा घोंगड्यांचे दान

गेल्या माघात रिहे खोऱ्यातल्या एका गावी माझा सत्कार झाला. तमाशातला जुना सोंगाड्या म्हणून शाल दिली, नारळ दिला, दोन शब्द बोलायला लावले. गावाचे नाव लिहीत नाही. आज तिथे नांदणाऱ्या माणसांचा यात काही अपराध नाही. सत्कार संपल्यावर चहा पिताना शेजारचे एक म्हातारबुवा सांगू लागले, "हैबतरावांसारखा दाता पुन्हा झाला न्हाई बघा. धरणातनं उठून आलेल्या चाळीस घरांला घोंगड्या वाटल्या त्येनी. आन् त्याच साली एक धनगरीन हुती, कोंडी. लई आपमतलबी बाई. ऐन हंगामात मेंढरं उठवून न्हेली आन् गावाच्या तोंडचा घास काढला."

पाचसहा पोरे ते मन लावून ऐकत होती. उद्या ती त्यांच्या पोरांना हेच सांगतील.

बशीतला चहा मी खाली ओतला. म्हातारबुवांना वाटले, गोड झाला असेल. माझ्या अंगाची आग होत होती, पण सत्काराला गेलेला माणूस भांडत नाही. घरी आलो आणि कागद घेऊन बसलो. आता मला कोणी खेळाची सुपारी देणार नाही आणि कोणी तोडणारही नाही, तेव्हा कोंडाबाई कोण होती ते नीट सांगतो.

गोष्ट सव्वीस-सत्तावीस सालची. मी चोवीस वर्षांचा होतो आणि गेणबांच्या फडात सोंगाड्या होतो. आमचा फड पौड, मुठा, रिहे अशा खोऱ्याखोऱ्यांतून जत्रा करीत हिंडे. त्याच्या आदल्या वर्षी पौडाहून खिंड चढताना मला हिवतापाने धरले. फडाला पुढच्या गावी पोचायचे होते, म्हणून मला एका धनगराच्या बिऱ्हाडावर टाकून सगळे पुढे गेले. ते बिऱ्हाड कोंडाबाईचे.

पन्नाशीची बाई. उंच, वाळकी, हातात काठी आणि कमरेला लोकरीचा पेळू. चालता चालता चातीवर सूत काढीत असायची. बोलतानाही हात थांबत नसे. नवरा म्हसू कड्यावरून पडून गेला, तेव्हा भावकीने म्हटले होते की मेंढरे विकून टाक आणि आमच्यात राहा. ती म्हणाली, "मेंढरं इकून तुमच्यात ऱ्हायले, तर म्या कंचं मेंढरू म्हनून ऱ्हाऊ?" तेव्हापासून ऐंशी मेंढ्या ती एकटी राखत होती.

तिने मला चार दिवस सांभाळले. ज्यांच्याकडून मी आजवर काही घेतले आहे, त्यांत इतके तिखट देणारे दुसरे माणूस मला भेटले नाही. शेळीचे दूध गरम करून तोंडाला लावायची आणि म्हणायची, "पी मुडद्या. तुज्यापायी एका करडाचं दूध तोडलंय म्या. आता मेलास तर ते करडू इचारंल मला." मी एकदा म्हणालो, "मावशी, तुमचे उपकार फिटायचे नाहीत." तर म्हणाली, "मग फेडू नगंस. उठ आन् बाहीर जाऊन मूत, हितं अंथरुनात नगं." पाचव्या दिवशी मी उठलो तेव्हा अंगावरची घोंगडीही तिने मलाच दिली. ती स्वतः दोन लुगडी एकावर एक नेसून थंडीत फिरत होती, हे मला निघताना दिसले.

आता हैबतरावांकडे येतो. खोऱ्यातले मोठे खातेदार. पांढरे शुभ्र धोतर, जरीकाठी उपरणे आणि बोलणे साखरेत घोळलेले. वरच्या मुळशीत धरणाचे पाणी चढू लागले, तशी तिकडची गावे उठली. त्यांतली चाळीस घरे या गावाच्या शिवेवर, खडकाळ उतारावर येऊन खोपटी बांधून राहिली. ती जागा हैबतरावांची. तिथे कुसळही नीट उगवत नव्हते, पण हैबतरावांनी "बसा, आपलीच माणसं हायेत" म्हटले आणि गावाने मान डोलावली.

दिवाळीनंतर मेंढ्यांची लोकर कातरायची वेळ आली तेव्हा हैबतराव स्वतः कोंडाबाईच्या बिऱ्हाडावर गेले. हे मला तिनेच सांगितले. म्हणाले, "कोंडाबाई, ती माणसं गारठून मरतील. तुमी लोकर द्या, सांगराची मजुरी मी भरतो. माघाच्या जत्रंत चाळीस खोपटांला चाळीस घोंगड्या." सांगर म्हणजे घोंगड्या विणणारे.

कोंडाबाईने त्याआधीच ती खोपटी पाहिली होती. त्यांत चंद्राबाई नावाची बाळंतीण होती. कार्तिकात पोर झालेले, आणि घरातली सगळी ऊब पाण्याखाली राहिलेली. कोंडाबाईने आपली सगळी लोकर दिली. पण एका कळपात किती होणार? सातआठ घोंगड्या. मग ती खोऱ्यातल्या उरलेल्या पाच बिऱ्हाडांवर गेली आणि प्रत्येकाला म्हणाली, "माज्या शब्दावर द्या." धनगराची वर्षाची लोकर म्हणजे त्याचे मीठ, मिरची, लेकीचे लुगडे. सहाही बिऱ्हाडांनी दिली. जोतिबा नावाचा तिचा चुलत दीर कुरकुरला, "हैबत्या देतो तवा गावभर वास येतुया." कोंडाबाई म्हणाली, "वास येईना का. पोराच्या अंगावर घोंगडी पडली म्हंजे झालं."

तिचा शब्द त्या चाळीस घोंगड्यांत गुंतला होता, एवढे ध्यानात ठेवावे.

माघाची जत्रा तीन दिवसांची. पहिल्या दिवशी आमचा लढाईचा वग झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी हैबतराव आमच्या राहुटीत आले, माझ्याशेजारी घोंगडीवर बसले. एवढा मोठा माणूस शेजारी बसल्यावर मी फुगलो.

"भिवाजी, काल फौज लई मोठी दिसली रं. तुमची मानसं तर पाच."

"पाचच की. पण पुढून गेलेला शिपाई पडद्यामागून पळतो आणि पुन्हा पुढून येतो. फेटा बदलतो, मिशी पुसतो. बघणाऱ्याला पन्नास दिसतात."

"आन् फेटं किती?"

"फेटे तीन. तेच फिरतात."

ते हसले, माझ्या पाठीवर थाप मारली. "लई हुशार मानसं तुमी." मला वाटले, कलेची कदर झाली.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी आमच्याच मंचावर दान झाले. नावे पुकारायला मी उभा. माझा आवाज त्या काळी दोन शिवारे ओलांडून जाई. खोपटातला एकेक माणूस डाव्या बाजूने वर येई. हैबतराव त्याच्या खांद्यावर घोंगडी टाकीत. तो वाकून पाया पडे, गाव टाळ्या वाजवी आणि तो उजवीकडून पडद्यामागे उतरे. ज्यांच्या अंगावर आधीच फाटकीतुटकी घोंगडी होती, त्यांना ती खाली काढून ठेवायला मीच सांगितले. उघड्या खांद्यावर पडलेली घोंगडी लांबून शोभून दिसते. मंचावरच्या माणसाला ही अक्कल असते.

सातव्या-आठव्या नावापर्यंत माझ्या काही ध्यानात आले नाही. मग एक घोंगडी आली, तिच्या काठाला विणकराच्या चुकीने पांढरी रेघ उतरली होती. ती भैरू नावाच्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर पडली. पुढे एका विधवेच्या खांद्यावर पडली. तिसऱ्यांदा ती चंद्राबाईच्या खांद्यावर पडली तेव्हा मी तिरका होऊन पडद्यामागे पाहिले. हैबतरावांचा गडी बहिरू खाली उभा होता. उतरणाऱ्याच्या अंगावरून तो घोंगडी काढून घेई आणि सांगे, "गर्दीत हरवंल. उद्या घरला येऊन न्या." घडी घालून पडद्याखालून ती पुन्हा डावीकडे सरकवी.

मी मोजले. घोंगड्या अकरा. नावे चाळीस.

माझा आवाज कुठेही कापला नाही. एक्केचाळिसावे नाव असते तर तेही मी तितक्याच ठसक्यात पुकारले असते. आयुष्यात मी पुष्कळ राजे, चोर, सावकार रंगवले, पण इतके हलके सोंग पुन्हा केले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी खोपटातली माणसे हैबतरावांच्या दाराशी गेली. बरोबर कोंडाबाईही होती. हैबतराव ओसरीवर आले. "घोंगड्यांची खळ वल्ली हाय अजून. चिंचोक्याची खळ, वाळाया पायजे. पुनव झाल्यावर या." चिंचोक्याची खळ घोंगडीला लावतात हे खरे, पण ती विणण्याआधी सुताला, आणि तिला वाळायला एक ऊन पुरते. सूत कातून बोटे झिजलेल्या बाईला ते हे सांगत होते. तिने पाठ फिरवली. तिथून थेट आमच्या राहुटीवर आली.

"भिवा, तू वर हुतास. किती हुत्या?"

मी फेट्याची घडी घालू लागलो.

"मला गोड सांगू नगंस. किती?"

"अकरा, मावशी."

तिचा चातीवरचा हात थांबला. तो थांबलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"बाकीची लोकर?"

मला तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे बहिरूनेच सांगितले की एकोणतीस घोंगड्या जत्रेआधीच बैलगाडीने पुण्याला गेल्या होत्या. हैबतरावांना एखादी पदवी, दरबारात एखादी खुर्ची हवी होती. ज्या अंमलदारांच्या हाती ती होती, त्यांच्याकडे नजराणा गेला.

कोंडाबाई म्हणाली, "आज दुपारी तुमची हजेरी हाय न्हवं?" जत्रेच्या शेवटच्या दिवशी भरदुपारी फडाचा जो खेळ होतो, त्याला हजेरी म्हणतात. "मग तितं बोल. सोंगाड्याला कुनी धरत न्हाई. राजालाबी तू गाढव म्हंतोस आन् राजा हसतो. येवढंच म्हन, की फेटं तीन आन् फौज पन्नास. लोक समजत्याल. गाव मोप शानं हाय, फकस्त कुनीतरी तोंड उघडाया पायजे."

तिचे म्हणणे खरे होते. सोंगाड्याला ती मोकळीक असते. पाटलाच्या पोटावर, सावकाराच्या वहीवर, भटजीच्या शेंडीवर तो बोलू शकतो आणि ज्याच्यावर बोलला त्याला हसावेच लागते. न हसला तर तोच हलका ठरतो. मी म्हणालो, "बोलतो मावशी." आणि ते मी मनापासून म्हणालो.

गेणबांच्या कानावर हे गेले. ते फडाचे मालक, माणूस वाईट नव्हता. फक्त म्हणाले, "भिवा, पुढच्या सालाची सुपारी याच गावची हाय, आन् मुठ्याचीबी हैबतरावांच्या मेहुन्याच्या हातात. फडात अठरा तोंडं हायेत. तुला जे सुचंल ते कर."

हजेरी उभी राहिली. पुढे हैबतराव लोडाला टेकून. एका कडेला कोंडाबाई उभी, शेजारी चंद्राबाई, पोर लुगड्याच्या पदरात गुंडाळलेले. माझी बतावणी सुरू झाली. मी राजाला विचारायचे होते, "महाराज, फौज किती?" मी विचारलेही. आमचा राजा म्हणाला, "पन्नास हजार." आता माझे वाक्य. माझी नजर हैबतरावांवर गेली. ते हसत होते, आणि ते हसू सांगत होते की त्यांना सगळे माहीत आहे.

मी बायकोच्या लाटण्याचा विनोद सांगितला. तोच, जो मी प्रत्येक गावात सांगत असे. गाव पोट धरून हसले. हैबतराव उठले, मंचावर आले आणि माझ्या खांद्यावर घोंगडी टाकली. काठाला पांढरी रेघ असलेली. आणि मी, भिवाजी सोंगाड्या, चार पावले पुढे येऊन खड्या आवाजात त्यांच्या नावाचा पुकारा केला.

खेळ संपल्यावर मी ती घोंगडी घेऊन कडेला गेलो आणि चंद्राबाईच्या पोरावर घातली. मला वाटत होते कोंडाबाई थुंकेल, शिव्या घालील. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक झाली. राह्यल्या एकुनचाळीस."

तिने पुढे जे केले ते मी पाहिले नाही. आम्ही त्याच संध्याकाळी निघालो. महिन्याभराने पिरंगुटच्या बाजारात बहिरू भेटला. गुळाचा खडा चघळत त्याने सगळे सांगितले, स्वतःची लाज न लपवता.

भात कापून झाले की मावळात शेतकरी धनगरांच्या मेंढ्या आपल्या रानात बसवून घेतो. रात्रभर कळप बसला की लेंडी-मुताचे असे खत पडते, की पुढच्या पिकाला दुसरे काही लागत नाही. त्या बदल्यात धनगराला धान्य मिळते. माघ म्हणजे त्या कामाचे ऐन दिवस. कोंडाबाईचा कळप त्या वेळी हैबतरावांच्याच रानात होता, आणि ठरलेल्या बसण्यातला निम्मा भागही झाला नव्हता. हजेरीच्या संध्याकाळी तिने कळप उठवला. मग पाचही बिऱ्हाडांवर गेली. प्रत्येक ठिकाणी आधी आपली चूक कबूल केली: "माजा शब्द खोटा पडला. तुमची लोकर म्या बुडवली. काय बोलायचं ते बोला." जोतिबाने एवढेच विचारले, "मग आता?" ती म्हणाली, "आता या गावात कुनाच्याच रानात बसायचं न्हाई. चाळीस घोंगड्या पडस्तवर."

दुसऱ्या दिवशी सहाही कळप गावाच्या शिवारातून उठले आणि खोपटांच्या त्या खडकाळ उतारावर जाऊन बसले. जिथे कुसळ उगवत नव्हते, तिथे साडेचारशे-पाचशे मेंढ्या रोज बसू लागल्या. बदल्यात पसाभर धान्यही नाही. ते द्यायला त्या माणसांकडे काही नव्हतेच. कोणी पुकारा केला नाही, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चंद्राबाईच्या नवऱ्याने हात जोडले, तर कोंडाबाई त्याच्यावर डाफरली, "हात जोडून काय उबा ऱ्हायलायस? दगडं येच. पावसापातुर वावर करून दावतो म्हन."

गाव खवळले. शेतकरी तिच्याकडे गेले. "हैबतरावांनी काय केलं ते त्येंचं त्येंनी बघावं. आमच्या रानानं तुजं काय खाल्लं?"

ती म्हणाली, "तुमी टाळ्या वाजवल्या न्हवं?"

"आमाला काय ठावं?"

"एकच घोंगडी तीनदा आली. म्हातारी डोळं गेलेली भागूबाई मला म्हनाली, येकच वास तीनदा आला. तुमचं डोळं तर शाबूत हुतं."

त्यावर शेतकरी पाय आपटत परत गेले, असे बहिरू म्हणाला. माणसाला उत्तर सापडले नाही की तो आतल्या आत जास्त चिडतो. दहा दिवस गेले. माघ सरत आला, राने कोरडी राहिली. शेवटी शेतकरीच हैबतरावांच्या ओसरीवर जाऊन बसले. दानाची हौस तुमची आणि खत आमचे बुडते, हे त्यांना सहन होईना. हैबतरावांनी सांगरवाड्यातून तयार माल उचलला आणि चाळीस घोंगड्या पुऱ्या केल्या. पण त्या गुपचूप नाही दिल्या. देवळापुढे हलगी लावली, पुन्हा नावे पुकारली, पुन्हा टाळ्या. जो माल त्यांच्या नरड्यात हात घालून बाहेर काढला, त्याचेही त्यांनी दान केले. खोपटातल्या माणसांनी पुन्हा वाकून पाया धरले. त्यांना मी दोष देत नाही. थंडीला लाज कळत नाही.

कोंडाबाई तिथे गेली नाही. उतारावर उभी राहून तिने फक्त मोजल्या. चाळीस भरल्यावर सहाही कळप गावाच्या रानात परत आणायला निघाली. शब्द म्हणजे शब्द. तर शिवेवर शेतकरी काठ्या घेऊन उभे. यापुढे या गावात धनगराची मेंढी बसणार नाही, असा ठराव झाला होता. ठराव सुचवणारे हैबतराव. तोंडावर तीच साखर. "आमाला काय राग न्हाई, पन ज्या बाईनं गावाची आडवनूक केली, तिच्यावर इस्वास कसा ठिवायचा?"

सहा बिऱ्हाडे मुठा खोऱ्याकडे निघून गेली. गावाने घोंगड्या लक्षात ठेवल्या आणि कोरडी राने लक्षात ठेवली. मधले सगळे सोडून दिले. देणाऱ्याची गोष्ट तोच सांगतो, ज्याच्याकडे पुकारा करणारा असतो. आणि त्या गावात पुकारा करणारा मी होतो.

बहिरूकडून हे ऐकल्यावर मी मुठ्याकडे गेलो. कोंडाबाई ओढ्याकाठी मेंढ्या पाजत होती. मी वाकलो, तिने पाय मागे घेतले.

"मावशी, चुकलो."

"व्हय."

तिने ते इतके सरळ म्हटले की पुढचे माझे सगळे पाठ केलेले बोलणे अडले. मग तिनेच विचारले, "म्होरल्या साली त्या गावात जानार हाईस?"

"सुपारी आली आहे."

"मग जा. पोट हाय. पन तितं माजं नाव काढू नगंस. चांगलंबी नगं, वाईटबी नगं. तुज्या तोंडातनं नगं."

एक मेंढी पाण्यात फार पुढे गेली होती. तिला हाकायला ती ओढ्यात उतरली, आणि पलीकडच्या काठाने कळप घेऊन निघून गेली. पुढे मला ती कधी भेटली नाही.

चाळीस वर्षे मी तिचे म्हणणे पाळले. त्या गावात सात जत्रा केल्या आणि एकदाही तिचे नाव घेतले नाही. मला वाटे, हीच माझी शिक्षा आहे आणि मी ती इमानाने भोगतो आहे. त्या सत्काराच्या दिवशी चहा पिताना कळले की शिक्षा मी भोगतच नव्हतो. माझे गप्प राहणेही हैबतरावांच्याच कामी येत होते. म्हणून आज तिचा शब्द मोडून तिचे नाव घेतो. तिला हे आवडणार नाही, आणि तिला आवडावे म्हणून मी हे लिहिलेलेही नाही.